एडक्याचा डावा कान

विंझर,
३ फेब्रुवारी १९३८

चि. आनंदराव यास आशीर्वाद.

कागद संपला. तू दिलेले दोन दस्ते जानेवारीतच उडाले. आता पाठवशील तो जाड, बदामी पाठव. गुळगुळीत कागदावर कोळसा धरत नाही. रंगाला तांबडी काव आणि चुना इथे हवा तेवढा मिळतो.

वर्ग चालू आहे. दर गुरुवारी दुपारी धर्मशाळेत अकरा बायका येतात. सहा धनगरांच्या, तीन महारवाड्यातल्या, दोन कातकरणी. पहिल्या महिन्यात एका जाजमावर बसायला तयार नव्हत्या, म्हणून मी जाजमच काढून टाकले. आता सगळ्या जमिनीवर बसतात. गावकरी विचारतात, मेंढरे राखणाऱ्यांना चित्रकला कशाला? मी सांगते, मला कॉलेजात ग्रीसचा इतिहास कशाला शिकवला ते पंचवीस वर्षांत मला कळलेले नाही. त्यांना कळेपर्यंत थांबायला मला वेळ नाही.

त्यांतली एक बाई नवी आली आहे, पारूबाई. वरच्या धनगरवाड्यावरची. हिचा नवरा म्हादू मार्गशीर्षात खिंडीत मारला गेला, ते तू ऐकले असशील. कुऱ्हाडीने मान निम्मी तोडली होती. चौथ्या दिवशी प्रेत सापडले तेव्हा तरसांनी पोट खाल्ले होते. बेचाळीस मेंढरे कोणीतरी हाकून नेली. पारूबाई त्या वेळी जवळच कारवीच्या झाडीत लाकडे मोडत होती. फौजदारांना तिने सांगितले, काही पाहिले नाही. मलाही तेच सांगते. बाजी नावाचा शेजारी तिला लाकडे फोडून देतो, दाराशी बसून चौकशी करतो. अशी माणसे असतात म्हणून जग चालते.

पहिल्या दिवशी मी तिच्यापुढे तांब्या ठेवला. तिने मेंढरू काढले.

"तांब्या काढ," मी म्हटले.

"तांब्या काय काडायचा? समदे तांबे येकासारकेच."

"मेंढरेही एकासारखीच असतात."

तिने माझ्याकडे अशी नजर टाकली की जणू मी तिला शिवी दिली. "बाई, तुमाला तुमच्या बहिणी येकासारक्या दिसत्यात का?"

मी तांब्या उचलून ठेवला.

अक्का


भोर,
१९ फेब्रुवारी १९३८

ती. अक्कास सा. न.

चार दस्ते कापूरहोळच्या मोटारीवर घातले आहेत, उतरवून घे. बहिणींचे वाचून इथे घरात सगळे हसले. आपण पाचही भावंडे मामांना एकासारखीच दिसत असू. सगळ्यांना एकाच माराने हाणायचे.

आता कामाचे. यंदा रामनवमीच्या उत्सवात चित्रांचे आणि हस्तकामाचे प्रदर्शन भरवायचे ठरले आहे, आणि कमिटीत मला घेतले आहे. तुझ्या वर्गाची दहा-बारा चित्रे मांडावी असा माझा आग्रह आहे. विरोध झाला. एकजण म्हणाले, "धनगरणींच्या रेघोट्या भिंतीवर लावणार का?" मी म्हटले, बघा आणि मग बोला. तेव्हा माझी लाज तुझ्या हाती. चित्रे नीटनेटकी हवीत. कोळशाचे डाग, चुकलेल्या रेघा, दोनदा गिरवलेले काही दिसले तर ते पहिल्या फेरीतच काढून टाकतील. तू शाळेत आमच्या वह्या तपासायचीस तशीच यांचीही कर.

म्हादूच्या खुनाचा तपास थंडावला आहे. त्या बाईला त्यावरून छेडू नकोस. मोर आणि वेली काढायला शिकव.

आनंद


विंझर,
२४ मार्च १९३८

चि. आनंदराव यास आशीर्वाद.

मोर आणि वेली तुझ्या कमिटीतल्यांच्या बायकांना शिकव. इथे कोणी मोर काढत नाही.

बारा चित्रे पाठवते आहे. अकरा तुला आवडतील. बारावे पारूबाईचे आहे. ते आधी तू बघ आणि मग पोरांना दाखव.

खिंड आहे. म्हादू पालथा पडला आहे आणि त्याचे डोके धडाशी नीट जुळत नाही. रक्तासाठी तिने काव इतकी ओतली की कागद फुगला. त्याच्यावर एक माणूस पाठमोरा उभा आहे, हातात कुऱ्हाड, तोंडाला मुंडासे गुंडाळलेले. पुढे एक मोठा शिंगाचा एडका आणि त्याच्यामागून वळलेली मेंढरे. एडका माणसाहून मोठा झाला आहे. ते प्रमाण चुकले म्हणून मी तिला दुसरा कागद दिला.

"येडका ल्हान करू नगा, बाई. त्योच बगायचा हाय."

"बघायचा तो मेलेला माणूस आहे."

"मेल्याला काय बगायचं? त्यो समद्यांनी बगितलाय."

"म्हणजे तू पाहिलेस. त्या दिवशी."

तिने नवा कागद परत माझ्याकडे सरकवला. म्हणाली, "हे भोरला लावा. उत्सवाला समदे धनगर येत्यात न्हवं?"

येतात, म्हटले. तेव्हा ती वर्गात पहिल्यांदा हसली. मला आनंद झाला. एरवी चार माणसांसमोर तोंड न उघडणारी बाई. आपले काम लोकांनी पाहावे असे तिला वाटू लागले. शिकवल्याचे याहून दुसरे फळ मला नको. एडका तसाच राहू दिला आहे. कोळशाचे डाग पुसून, साफसूफ करून पाठवते. कमिटीला बोट ठेवायला जागा राहणार नाही.

अक्का


भोर,
१४ एप्रिल १९३८

ती. अक्कास सा. न.

अभिनंदन! तुझ्या वर्गाला प्रशस्तिपत्र मिळाले, आणि त्याहून मोठी गोष्ट म्हणजे तुझ्या वर्गाने खून उघडकीस आणला.

प्रदर्शनाच्या दुसऱ्या दिवशी दुपारी आठ-दहा धनगर मंडपात आले. सगळी चित्रे सोडून पारूबाईच्या चित्रापुढे उभे राहिले. मग रखमाजी म्हणून त्यांचा म्हातारा आहे, त्याने पुढे होऊन एडक्याच्या डाव्या कानावर बोट ठेवले. "येक चीर," एवढेच म्हणाला. बाकीच्यांनी कान बघितला आणि सगळे एकदम मंडपातून बाहेर पडले.

मलाही मग विचारल्यावर कळले. ही माणसे कोकराचा कान कापतात, आणि ज्याच्या त्याच्या घराची खूण वेगळी असते. म्हादूच्या घरची खूण उजव्या कानाचा शेंडा. डाव्या कानाला एक चीर ही गेनबा नावाच्या धनगराची. मेंढरे चोरायला येणारा आपला शिकवलेला एडका बरोबर आणतो. तो कळपात शिरला की मेंढरे त्याच्यामागे चालू लागतात. चित्रातला एडका गेनबाचा. म्हणजे कुऱ्हाडवाला गेनबा. आमच्या कोर्टात एवढा स्वच्छ पुरावा मी कधी पाहिलेला नाही.

गेनबाचा कळप किकवीला एका शेतात खतासाठी बसवला होता. तिथे त्यांनी त्याला धरला. थोडी धक्काबुक्की झाली, किरकोळ लागले आहे. आता तो फौजदारांच्या ताब्यात आहे. पारूबाईला कळव. तिच्या जिवाला किती बरे वाटेल!

आनंद


विंझर,
१८ एप्रिल १९३८

आनंदराव,

"किरकोळ लागले" हे शब्द लिहिताना तुझा हात अडखळला नाही का?

काल गेनबाची बायको कोंडाबाई इथे चालत आली. तिने सांगितले ते लिहिते, म्हणजे पुढच्या वेळी कुठला शब्द वापरायचा ते तुला कळेल. गेनबाला बाभळीला बांधले. त्याचा उजवा हात दगडावर ठेवला आणि दुसऱ्या दगडाने चेचला. बोटे एकेक करून. तो ओरडत होता, "म्या न्हाई, म्या न्हाई." मग कोणीतरी काठी डोळ्यात खुपसली. कोंडाबाई पाया पडायला गेली तर तिला केसांना धरून शेताच्या बांधापर्यंत ओढत नेले. फौजदार वेळेवर आले नसते तर त्याला तिथेच मारला असता. तू हे सगळे जाणत होतास. मला वाईट वाटू नये म्हणून लपवलेस.

आता मी काय केले ते ऐक.

तुझे पत्र मी पारूबाईला वाचून दाखवले. गेनबाचे नाव ऐकून ती उठून उभी राहिली.

"गेनबा? गेनबा कुटनं आला? दोन चिरा हुत्या, बाई! दोन! येक कुटं गेली?"

मला कुठे गेली ते माहीत होते. एडक्याच्या डाव्या कानावर दोन रेघा होत्या. मला वाटले हात थरथरला आणि रेघ दोनदा ओढली गेली. एक मी फडक्याने पुसली. वर धनगरांच्या सहा बायका माझ्या वर्गात बसत होत्या. एकीला विचारले असते तर तिने सांगितले असते. मी विचारले नाही. मी तपासायला बसले होते.

डाव्या कानाला दोन चिरा ही बाजीची खूण. लाकडे फोडून देणारा बाजी. ज्या कुऱ्हाडीने म्हादूची मान तोडली तिनेच तो तिच्या दाराशी लाकडे फोडतो, आणि फोडताना विचारतो, "पारू, त्या दिशी काय दिसलं का गं?" तिने तोंड उघडले असते तर त्याने तिला कड्यावरून लोटली असती. म्हणून तिने चित्र काढले. सगळे धनगर एका जागी जमतील तिथे ते लागावे, सगळ्यांनी एकदम कान वाचावा, म्हणजे तिला एकटीला बोलावे लागणार नाही. तिने हे सहा आठवडे मनात रचले. मी एका फडक्यात पुसले.

"म्या तुमच्या हातात दिलं हुतं," ती म्हणाली. ओरडली नाही.

तू नीटनेटके हवे म्हणालास हे खरे. पण फडके माझ्या हातात होते. शुक्रवारी सकाळच्या मोटारीने येते आणि मॅजिस्ट्रेटपुढे सांगते.

सगुणा


भोर,
२० एप्रिल १९३८

ती. अक्कास सा. न.

हे पत्र खास माणसाबरोबर पाठवतो आहे. तू येऊ नकोस.

रागावू नकोस, शांतपणे वाच. तू उभी राहून "चित्रात मी खाडाखोड केली" म्हणालीस, की चित्र पुरावा म्हणून बाद. मग बाजीही सुटला. शिवाय लोक म्हणतील, मास्तरीणबाईने एका निरपराध माणसाचा हात चेचवला. वर्ग दुसऱ्या दिवशी बंद होईल. मी कमिटीत आहे, मलाही तोंड दाखवता येणार नाही. पण ते जाऊ दे.

गेनबाला मी सोडवतो. पुरावा अपुरा आहे म्हणून महिना-दीड महिन्यात सुटेल. बोभाटा नाही. त्याच्या हाताचे मला लपवायचे नव्हते, अक्का. मी बघून आलो होतो. घरी येऊन जेवलो नाही. तुला कसे लिहावे ते सुचले नाही, एवढेच.

आनंद


विंझर,
२१ एप्रिल १९३८

आनंदराव,

तुझा माणूस थांबला आहे म्हणून चार ओळी. महिनाभर कोठडीत राहिला तर त्याचा हात सडेल. कोंडाबाई सांगते, आत्ताच वास येतो. उद्या येते. तुझ्या घरी उतरत नाही, म्हणजे तुला कोणी काही विचारणार नाही.

सगुणा


विंझर,
२ मे १९३८

चि. आनंदराव यास आशीर्वाद.

मॅजिस्ट्रेटच्या कचेरीत मी बोलत होते तेव्हा तू मागच्या बाकावर येऊन बसलास, ते मी पाहिले. त्याबद्दल बोलायची ही वेळ नाही.

डावा हात मोडला आहे, उजवा चालतो. घडले ते क्रमाने लिहिते, कारण तुला वकीलपत्र घ्यायला सांगणार आहे.

गेनबा सुटला हे तुला माहीत आहे. दवाखान्यात त्याचा हात मनगटावर कापला आणि डोळाही गेला. मी दोन चिरा सांगितल्या त्याच दिवशी रखमाजी माणसे घेऊन बाजीच्या वाड्यावर चढला. बाजी पळाला होता. वाघरात, म्हणजे मेंढरे कोंडायच्या जाळीत, म्हादूची मेंढरे सापडली. खूण ओळखू येऊ नये म्हणून त्याने बेचाळीसही मेंढरांचे कान मुळापासून छाटले होते. जखमांत किडे झाले होते. रखमाजी मला म्हणाला, "बाई, गेनबाचा हात आमीच ठेचला. त्याला दावायला तोंड न्हाई." मी म्हटले, मलाही नाही.

गुरुवारी अठ्ठावीस तारखेला वर्ग भरला. अकराही आल्या. दुपारी दोनच्या सुमारास बाजी दारात उभा राहिला. हातात कुऱ्हाड. सहा दिवस रानात उपाशी राहिलेला, ओठ फुटलेले.

"चित्रं काडतीस व्हय गं रांडं? दे, हात दे हिकडं."

पारूबाई उठली. मी मध्ये गेले. घाव कुऱ्हाडीच्या बोथट बाजूने बसला म्हणून हात नुसता मोडला. मी पडले. त्याने पारूबाईवर दुसरा घाव घातला, ती बाजूला झाली, कुऱ्हाड धर्मशाळेच्या खांबात रुतली. दोघांनी दांडा धरला. महारवाड्यातल्या धोंडाबाईने चुन्याची बुडकुली त्याच्या डोळ्यांत रिकामी केली. त्याचे हात सुटले आणि कुऱ्हाड पारूबाईकडे आली.

पहिला घाव तिने त्याच्या खांद्यावर घातला. तो तिच्या अंगावर धावला. दुसरा मांडीवर. हाड दिसले. तो खाली बसला, पाठ भिंतीला टेकून. कुऱ्हाड तिच्याकडे, त्याच्याजवळ काही नाही. डोळे चुन्याने पांढरे झालेले. म्हणाला, "पारू, पानी."

मी पडल्याजागी म्हटले, "पारूबाई, पुरे." तिने ऐकले. माझ्याकडे बघितले. दहापर्यंत मोजता येईल इतका वेळ तशीच उभी होती. मग वळून तिसरा घाव मानेत घातला.

रक्त भिंतीवर माझ्या डोक्यापेक्षा उंच उडाले. पारूबाईने कुऱ्हाड खाली ठेवली आणि माझा हात आपल्या लुगड्याच्या पट्टीने बांधला. फौजदार येईपर्यंत ती माझ्याजवळ बसून होती.

तिला भोरला नेले आहे. तिचा खटला तू चालव.

अक्का


भोर,
७ मे १९३८

ती. अक्कास सा. न.

हाताला जप. सूज उतरली नाही तर पुण्याला नेतो.

खटला मी चालवीन. तिला सोडवीनही, पण एका अटीवर. डॉक्टरच्या अहवालात तीन जखमा आहेत. त्या नाकारता येत नाहीत. मात्र तिसरी कधी झाली हे अहवाल सांगत नाही. मी दहाही बायकांना भेटलो. धोंडाबाईने सगळ्यांच्या वतीने सांगितले, "तिन्ही घाव त्यो अंगावर येताना बसले. समद्या धुरळ्यात. आमी दहाजणी हेच सांगनार, वकीलसाहेब." दहा जणींचा जबाब एक. राहिलीस तू.

तो भिंतीला टेकून बसला होता, पाणी मागितले, तू थांब म्हणालीस, ती थांबली आणि मग मारले. ही चार वाक्ये तू कोर्टात बोललीस तर तो स्वसंरक्षणाचा बचाव राहत नाही. तो ठरवून केलेला खून होतो. त्याला फाशी आहे, अक्का. किंवा जन्मठेप. तू तर पडली होतीस, हात मोडला होता, भोवळ आली होती. "मला नीट दिसले नाही" एवढे म्हण. ते खोटेही वाटणार नाही.

याला तू तयार नसशील तर मी वकीलपत्र घेत नाही. माझ्याच बहिणीच्या जबानीवर माझे अशील फासावर गेलेले मला बघायचे नाही. एकदा सत्य सांगून तू गेनबाला वाचवलेस. आता गप्प राहून हिला वाचव.

आनंद


विंझर,
१५ मे १९३८

चि. आनंदराव यास आशीर्वाद.

तुझे पत्र दोन दिवस उशाशी ठेवले. पहिल्या दिवशी माझे मत तुझ्यासारखेच झाले, हे कबूल करते. "मला नीट दिसले नाही" हे वाक्य मी मोठ्याने म्हणूनही पाहिले. सोपे आहे.

पण मागच्या वेळी मी तिला न विचारता पुसले होते. म्हणून काल भोरला येऊन कोठडीत तिला भेटले. तुला कळवले नाही.

मी म्हटले, "पारूबाई, वकील म्हणतात, तो उभा होता असे सांगायचे."

"उबा हुता?"

"नव्हता."

"मंग?"

"तसे सांगितले तर तू सुटशील. बाकीच्या दहाजणी सांगायला तयार आहेत."

"धोंडाबाय बी?"

"तीच पुढे आहे."

"लई ग्वाड बाय हाय," ती म्हणाली आणि गजाला धरून उभी राहिली. मग म्हणाली, "बाई, तुमी येक रेग पुसलीत तर गेनबाचा हात गेला. आता बसल्याला मानूस उबा कराल, तर कुनाचं काय जाईल?"

"या वेळी कोणाचे काही जाणार नाही. तुझा जीव मात्र राहील."

"तवा बी तुमाला असंच वाटलं असंल."

मीही गज धरला.

"ऐका," ती म्हणाली. "म्हादू बी बसलाच हुता. भाकर खात हुता. बाजीनं त्याला मागनं मारला. म्या कारवीत बसून बगितलं, दातात पदर धरून. ओरडली असती तर म्हादूनं वळून तरी बगितलं असतं. म्या न्हाई ओरडली. पयले दोन घाव माज्या जिवासाटी घातले. तिसरा म्हादूचा हाय. त्यो बसल्याला घातला, जानूनबुजून घातला. त्यो माज्याकडनं काडून घिऊ नगा."

"फाशी होईल."

"हुईल. पर बाजी कसा मेला त्ये समद्या धनगरांस्नी खरं कळंल."

मी तिला वाचवायला गेले होते. ती मला सांगत होती की तिचे जे आहे त्याला मी हात लावू नये. आनंदराव, मी चाळीस बायकांना शिकवले असेल, पण आपले काम असे धरून ठेवणारी ही एकच.

कोर्टात मी चारही वाक्ये बोलणार. तू वकीलपत्र घेतले नाहीस तर पुण्याहून माणूस आणीन. तुझ्यावर माझा राग राहणार नाही.

सगुणा


भोर,
१८ मे १९३८

ती. अक्कास सा. न.

वकीलपत्र आज दाखल केले. धोंडाबाईला सांग, जे घडले तेच सगळ्यांनी सांगावे. उलटतपासणीत सरकारी वकील तुला चित्रावरून टोचतील. टोचू दे.

आनंद


भोर,
९ जुलै १९३८

ती. अक्कास सा. न.

नदीला पूर आहे, मोटार बंद आहे. तू निकालाला येऊ शकली नाहीस म्हणून सविस्तर लिहितो.

सात वर्षे सक्तमजुरी. फाशी नाही, जन्मठेप नाही.

निकालपत्र मी नकलून घेतले आहे. न्यायाधीश लिहितात की आरोपीच्या बाजूच्या साक्षीदारांनी तिला अडचणीची असलेली गोष्ट स्वतःहून सांगितली. म्हणून त्यांनी तिच्या बाजूचे जे सांगितले, बाजी कुऱ्हाड घेऊन आला, त्याने आधी हात उगारला, पहिले दोन घाव जीव वाचवण्यासाठी होते, तेही खरे मानावे लागते. तिसऱ्या घावाबद्दल शिक्षा, पण अत्यंत चिथावणी आणि नवऱ्याचा खून ध्यानात घेऊन. मी सांगितले तसे तुम्ही सगळ्या बोलल्या असतात तर सरकारी वकिलांनी अकरा जबाब शब्दाला शब्द एक दाखवून सगळेच खोटे ठरवले असते. त्यांनी तशी तयारी केलेली होती, मला नंतर कळले. मी ती फाशी जवळजवळ हाताने बांधली होती. हे तुला सांगितल्यावाचून मला झोप येणार नाही.

मी निकाल तिला समजावून सांगितला. "सात वर्सं," ती म्हणाली. "म्हंजी आत्ताचं कोकरू म्हातारं हुईल." मग विचारले, मेंढरांच्या कानांचे किडे गेले का. गेले, म्हटले. ती कोंडाबाईकडे ठेवायची आहेत, म्हणाली. त्यातली निम्मी गेनबाची, कारण त्याला आता एका हाताने राखायची आहेत. रखमाजी ऐकत होता. त्याने मान हलवली.

निघताना मी तिला विचारले, अक्काला काही निरोप सांगायचा आहे का? तिने माझ्याकडे बघितले, विचार केला, आणि शिपायाबरोबर चालू लागली.

पारूबाईने तुला नमस्कार सांगितलेला नाही. तो मी पदरचा घालत नाही.

आनंद